रत्नपारखी प्रवासी टॅव्हर्निअर

आमच्या सुरत शहरात सकाळच्या वेळी महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारातून चालत गेल्यास एक मौजेचे दृश्य नजरेस पडते. रस्त्याच्या कडेला माणसे घोळक्याने उभी असतात, कोणी ओट्यावर बसलेले असतात, आणि त्यांच्या हातांतील कागदाच्या लहानशा पुड्या उघडताच आत हिऱ्यांचे कण चमकतात. वराछा व कतारगाम या भागांत हजारो रत्नकलाकार घंटीवर वाकून हिऱ्यांना पैलू पाडीत असतात. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांची गणती केली, तर दर दहांपैकी जवळजवळ नऊ हिरे आमच्या या शहरातून जातात. आमच्या वर्गबंधूंपैकीही काहींचे वडील व वडीलबंधू याच उद्योगात आहेत. तथापि हिरा मुळात येतो कोठून, तो घडतो कसा, असे विचारले तर आमच्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या बंदरात उतरलेल्या एका परदेशी व्यापाऱ्यापुढेही उभा होता. त्याने हिरे पाहिले, तोलले, विकत घेतले आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्याचे नाव झाँ बाप्तिस्त टॅव्हर्निअर. त्याच्या चरित्राचा थोडक्यात परिचय करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

टॅव्हर्निअरचा जन्म इ. स. १६०५ साली फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्याचे वडील मूळचे अँटवर्पचे. त्यांचा व्यवसाय नकाशांचा होता. घरात नित्य नकाशे पसरलेले असत, विद्वान मंडळी येऊन दूरदूरच्या देशांविषयी चर्चा करीत असत, आणि लहानगा झाँ ते सारे कान देऊन ऐकत असे. कागदावरील त्या रेघा प्रत्यक्ष पायांखाली घालण्याची ओढ त्याला बालपणीच लागली. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत त्याने युरोपचा बराचसा भाग पालथा घातला होता. पुढे १६३० ते १६६८ या अडतीस वर्षांत त्याने पूर्वेकडे एकूण सहा प्रवास केले. पहिल्या प्रवासात तो इराणपर्यंत आला; १६३८ साली निघालेल्या दुसऱ्या प्रवासापासून हिंदुस्थान हे त्याचे मुख्य क्षेत्र ठरले. वाफेची जहाजे नव्हती, आगगाडी नव्हती. वाटेत वादळे, चाचे, रोगराई आणि लुटारू यांचे भय. अशा काळी हा गृहस्थ बैलगाडीने, पालखीने, घोड्यावरून आणि गलबतातून हजारो कोस हिंडत राहिला!

त्या काळी सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. मोठी जहाजे तापीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या नांगरवाड्यात उभी राहत आणि माल होड्यांतून व गाड्यांतून शहरात येई. टॅव्हर्निअर येथे उतरला, आणि पुढेही त्याचे पाय वारंवार या शहराला लागले. तापीकाठचा किल्ला आणि शहराभोवतीचा मातीचा तट यांचे वर्णन त्याने केले आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा हाच दुबळा तट मराठ्यांच्या घोडदळाला अडवू शकला नाही. त्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने, १६६५ मध्ये, आपल्या सहाव्या प्रवासात टॅव्हर्निअर पुन्हा सुरतेस आला. महाराजांच्या पराक्रमाच्या ज्या वार्ता युरोपात पोहोचल्या, त्यांत त्याच्या ग्रंथाचाही वाटा आहे.

सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याचा जो मार्ग त्याने नोंदविला आहे, तो वाचताना आम्हांला विशेष आनंद झाला. व्यारा, नवापूर, पिंपळनेर, दौलताबाद, औरंगाबाद, नांदेड! आमच्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा पोटासाठी खानदेशातून सुरतेस आले, ते याच वाटेने. सुटीत आम्ही गावी जातो तेही याच बाजूने. नवापूरच्या बारीक आणि सुगंधी तांदळाची त्याने मोठी तारीफ केली आहे. हिऱ्यांचा शोध करणाऱ्या माणसाने तांदळाच्या वासाचीही नोंद ठेवावी, यावरून त्याची दृष्टी किती चौकस होती हे दिसून येते.

गोवळकोंडा हे शहर हिऱ्यांची बाजारपेठ होते. खाणी मात्र दूर होत्या. खाणींचा प्रदेश ओसाड व भयंकर आहे, असे लोक सांगत. परंतु ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहता टॅव्हर्निअर स्वतः तेथे गेला. गोवळकोंड्यापासून पाच दिवसांच्या वाटेवर रावळकोंडा नावाची खाण होती. कर्नूल जिल्ह्यातील आजचे रामल्लकोटा ते हेच, असे अभ्यासक मानतात. तेथे खडकांत बोटभर, कोठे अर्ध्या बोटाएवढ्या रुंदीच्या चिरा असत. टोकाशी वाकविलेल्या लोखंडी सळ्या त्या चिरांत घालून मजूर आतील माती-वाळू ओढून काढीत, ती धूत आणि तीत हिरे शोधीत. चिरा रुंद करण्यासाठी ते पहारीचे घाव घालीत, त्यामुळे कित्येक हिऱ्यांना आतून तडे जात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

त्याने लिहिलेली एक हकिकत आमच्या वयाच्या मुलांना फार आवडेल. सकाळी गावच्या चौकातील झाडाखाली दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले येऊन बसत. प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूस वजनांची पिशवी व दुसऱ्या बाजूस सोन्याच्या होनांची थैली असे. कोणी हिरा विकायला आला, की तो प्रथम वयाने सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती देई. तो निरखून पाहून शेजाऱ्याला देई, असे करीत एक शब्दही न उच्चारता हिरा सर्वांच्या हातांतून फिरून पुन्हा त्या म्होरक्याकडे येई. मग तो किंमत ठरवी. किंमत अधिक दिली गेली तर तोटा त्याचा एकट्याचा! सायंकाळी दिवसभराची खरेदी एकत्र करून, हिऱ्यांची प्रतवारी लावून मुले ती मोठ्या व्यापाऱ्यांना विकीत आणि नफा वाटून घेत. म्होरक्याला मात्र शेकडा पाव टक्का जास्त मिळे. हिऱ्याची पारख या मुलांना इतकी पक्की असे, की आणलेल्या हिऱ्यांतील खोट ती लगेच शोधून काढीत.

मोठ्यांचा सौदाही मुक्यानेच होई. घेणारा व देणारा समोरासमोर बसत आणि शेल्याखाली हात झाकून बोटांनी भाव ठरवीत. सगळा पंजा दाबला तर हजार, पाच बोटे धरली तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, अर्धे बोट म्हणजे पन्नास आणि बोटाचे टोक म्हणजे दहा. भर बाजारात हजारोंची उलाढाल होई, आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

परंतु या चमचमाटाची दुसरी बाजूही टॅव्हर्निअरने लपविली नाही. रावळकोंड्याच्या खाणीतील जाणत्या मजुराला वर्षाकाठी अवघे तीन होन मिळत. एका बिचाऱ्याने तर लहानसा हिरा डोळ्याच्या कोपऱ्यात दडवून नेण्याचा प्रयत्न केला होता. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीत सुमारे साठ हजार माणसे राबत असल्याचे त्याने लिहिले आहे. पुरुष खणीत, बायका आणि मुले माती वाहून नेत. दहा, बारा, कधी चौदा फूट खोल गेल्यावर पाणी लागे, की खणणे थांबे. ती माती धुऊन, वाळवून, सुपांनी पाखडून हिरे वेचले जात. ज्यांच्या हातांना प्रथम हिरा लागला, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांच्या कष्टांची जी थोडी माहिती आज उरली आहे, तीतील पुष्कळशी या एका माणसाच्या लेखणीमुळे उरली आहे. आता कोल्लूरचा तो परिसर पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली गेला आहे.

१६६५ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगजेबाच्या जवाहिरखान्यातील रत्ने पाहण्याचा दुर्मीळ मान टॅव्हर्निअरला मिळाला. रत्नांची तबके त्याच्यासमोर आणण्यात आली व सारी रत्ने तीन वेळा मोजण्यात आली. त्यांतच मोठा मोगल या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हिरा होता. अंडे मधून कापावे तसा त्याचा आकार असून वजन ३१९॥ रती होते. पैलू पाडण्यापूर्वी तो ९०० रती होता, असे त्याला सांगण्यात आले. व्हेनिसच्या एका कारागिराने तो फार घासून टाकला, म्हणून बक्षिसाऐवजी त्याला दहा हजार रुपये दंड झाला!

हिंदुस्थानातील या प्रवासांत टॅव्हर्निअरने एक विलक्षण हिरा मिळविला. तो निळ्या-जांभळ्या रंगाचा असून वजनाने ११२ कॅरटांहून थोडा अधिक होता. तो नेमका कोणत्या खाणीतला, हे त्याने स्पष्ट लिहिलेले नाही. कोल्लूरचा असावा, असा जाणकारांचा तर्क आहे. १६६८ साली स्वदेशी परतल्यावर त्याने हा हिरा इतर अनेक हिऱ्यांसह फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला विकला. राजाने त्याला सरदारकी बहाल केली. १६७० मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधील ओबोन येथील जहागीर विकत घेतली आणि १६७६ साली आपल्या सहा प्रवासांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात राजाला विकलेल्या वीस मोठ्या हिऱ्यांची चित्रे छापलेली असून निळ्या हिऱ्याचे वजन, रंग व आकार यांची नोंद आहे.

वार्धक्यातही त्याला स्वस्थता लाभली नाही. तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता आणि फ्रान्समध्ये १६८५ साली त्या पंथाचे धर्मस्वातंत्र्य काढून घेण्यात आले. त्याच वर्षी त्याने ओबोनची जहागीर विकली. ज्या वयात माणसे नातवंडांत रमतात, त्या वयात हा वृद्ध पुन्हा पूर्वेच्या वाटेला लागला आणि १६८९ साली मॉस्को येथे मरण पावला. त्या वेळी त्याचे वय चौऱ्याऐंशीच्या घरात होते. त्याने निळा हिरा मूर्तीच्या डोळ्यातून चोरला व त्या शापामुळे त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्ले, अशी एक कथा मागाहून पसरविण्यात आली. ती साफ खोटी आहे.

टॅव्हर्निअर गेला, परंतु त्याच्या हिऱ्याचा प्रवास संपला नव्हता. १६७३ मध्ये राजाज्ञेने त्याला नवे पैलू पाडण्यात आले व त्याचे वजन सुमारे ६९ कॅरट उरले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ च्या सप्टेंबरात, तो राजकोशातून चोरीस गेला. वीस वर्षांनी लंडनमध्ये एक लहान निळा हिरा प्रकट झाला आणि पुढे होप नावाच्या धनिकाकडे गेल्यामुळे तो होप हिरा म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे वजन ४५.५२ कॅरट आहे. १९५८ साली तो अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला दान मिळाला, आणि आज तेथील संग्रहालयात लाखो लोक तो पाहतात. २००७ मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात चोरीस गेलेल्या हिऱ्याची शिशाची जुनी प्रतिकृती सापडली आणि होप हिरा त्यातूनच कापला गेला, यावर शिक्कामोर्तब झाले. ही साखळी फ्रान्सच्या राजापासून मागे हिंदुस्थानपर्यंत जोडता येते, ती टॅव्हर्निअरच्या चोख नोंदींमुळे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. हिरा घडतो कसा? टॅव्हर्निअरच्या काळी हे कोणालाच माहीत नव्हते. १७७२ साली लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञाने सिद्ध केले, की हिरा म्हणजे शुद्ध कार्बन होय. ज्या कार्बनाचा कोळसा, ज्याचे आमच्या पेन्सिलीतील शिसे, त्याचाच हिरा! भेद आहे तो केवळ अणूंच्या रचनेचा. पेन्सिलीतील कार्बनाचे अणू थरांनी मांडलेले असतात, म्हणून ते कागदावर सहज घासले जातात. हिऱ्यातील प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी चारी दिशांनी घट्ट जखडलेला असतो.

अशी घट्ट वीण पडण्यास प्रचंड दाब लागतो. बहुतेक हिरे जमिनीखाली दीडशे ते दोनशे किलोमीटर खोलीवर जन्मतात. तेथील दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या सुमारे पन्नास हजार पट, आणि उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आई-आजीने दोऱ्यावर खडीसाखर जमविलेली कित्येकांनी पाहिली असेल. पाकात साखर विरघळलेली असते. योग्य स्थिती येताच ती कणाकणाने दोऱ्यावर बसते आणि स्फटिक वाढतो. पृथ्वीच्या पोटातही असेच काहीसे घडते. खडकांच्या सूक्ष्म फटींतून कार्बन वाहून नेणारे अतितप्त द्रव झिरपत असतात. वेगळ्या गुणधर्माच्या खडकाशी त्यांची गाठ पडली, की रासायनिक क्रिया होऊन कार्बन सुटा होतो आणि अणूवर अणू बसून हिरा वाढतो. कित्येक हिरे शंभर ते तीनशे कोटी वर्षांचे जुने आहेत.

इतक्या खोलवरून ते वर येतात कसे? किंबर्लाइट नावाचा ज्वालामुखी रस कधीकाळी खोल थरांतून उसळला, आणि त्याने वाटेतले हिरे उचलून काही तासांत किंवा दिवसांत वर आणले. हा प्रवास सावकाश झाला असता, तर तेवढ्या उष्णतेत हिऱ्याचे पेन्सिलीतले शिसे झाले असते! आंध्र प्रदेशात वज्रकरूर येथे असे सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. पुढे ऊन-पावसाने असे खडक झिजतात आणि त्यांतील हिरे नद्यांच्या गाळात पसरतात. कृष्णाकाठच्या मातीत बायकामुले जे वेचीत होती, ते असे दूरवरून आलेले धन होते.

निळ्या हिऱ्याची कथा याहूनही अद्भुत आहे. त्याचा निळा रंग हा खरे पाहता एक भेसळ आहे. कार्बनाच्या दहा लाख अणूंमागे बोरॉनचा एखाददुसरा अणू शिरला, की हिऱ्याला निळी झाक येते. परंतु बोरॉन मुख्यत्वे पृथ्वीच्या वरच्या कवचात व समुद्राच्या पाण्यात असतो. तो खोल गर्भात पोहोचला कसा, हे मोठे कोडे होते. २०१८ साली शास्त्रज्ञांनी अशा जातीच्या ४६ निळ्या हिऱ्यांत अडकलेले खनिजांचे सूक्ष्म कण तपासले. त्यांवरून असे दिसले, की हे हिरे ६६० किलोमीटरांहूनही अधिक खोलीवर घडलेले असावेत. सुरतेहून मुंबई जेवढी दूर, त्याच्या दुपटीहून अधिक अंतर सरळ पायांखाली! माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्रसुद्धा बारा किलोमीटरांच्या थोडेच पुढे गेले आहे. शास्त्रज्ञांचे अनुमान असे, की समुद्राच्या पाण्याने भिजलेला सागरतळ भूखंडांच्या हालचालीत पृथ्वीच्या पोटात खचत गेला आणि आपल्याबरोबर बोरॉन घेऊन गेला. टॅव्हर्निअरचा निळा हिरा याच जातीचा आहे. म्हणजे कोण्या पुरातन समुद्राची खूण पोटात घेऊन तो खोल गर्भातून वर आला, आणि एका अनाम मजुराच्या हाती लागला.

यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. बाजारात हिऱ्यातील डाग म्हणजे खोट. त्याने किंमत उतरते. झाडाखाली बसलेली ती मुलेही आधी खोटच शोधीत. परंतु पृथ्वीच्या अंतरंगाची वार्ता आणतो तो हा डागच! निष्कलंक हिरा केवळ चमकतो. डाग असलेला हिरा आपल्या जन्माची हकिकत सांगतो. मात्र ती ऐकण्यासाठी पारखी नजर आणि पाहिले तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो.

आज आमच्या सुरतेतील कारखान्यांत मिथेन वायूपासून यंत्रात काही आठवड्यांत हिरा वाढविला जातो. पृथ्वीला जे घडविण्यास कोट्यवधी वर्षे लागली, ते माणसाने साधले, ते याच ज्ञानाच्या बळावर. वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरातील कोणी घंटीवर बसत असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून हिऱ्यातील डाग कसा दिसतो ते विचारा. जे सांगतील ते वहीत तारीख घालून टिपून ठेवा. टॅव्हर्निअरच्या ग्रंथाचा आरंभही अशाच लहानसहान टिपणांनी झाला होता.